टर्मिनलमधील लाल अक्षर आणि श्रेयाचा प्रश्न

१/ पायथनमध्ये एखादे वाक्य टर्मिनलवर लाल छापायचे असेल, तर त्याआधी एक चमत्कारिक चिन्हमालिका लिहावी लागते: एस्केप हे अदृश्य चिन्ह, उघडता चौकटी कंस, ३१ हा आकडा आणि ‘एम’. नवशिक्यांना हा जुगाड वाटतो. वास्तविक ही एका समितीची दूरदृष्टी आहे.

२/ १९७० च्या दशकात टर्मिनल म्हणजे केवळ पडदा आणि कळफलक. संगणक तारेच्या दुसऱ्या टोकाला. तारेवरून फक्त अक्षरे जात, म्हणून हुकूमही अक्षरांच्याच वेषात धाडावा लागे. ‘पुढचे छापू नये, हुकूम समजावा’ ही खूण म्हणजे एस्केप. आस्कीत त्याचा क्रमांक २७. अष्टमान पद्धतीत ३३. आजही अनेक प्रोग्रामांत तो ०३३ असाच लिहिला जातो.

३/ मात्र प्रत्येक कंपनीची बोली निराळी. कर्सर एक ओळ वर नेण्यास डेकचे व्हीटी५२ एस्केप व ‘ए’ मागे, तर एडीएम-३ए कंट्रोल-के. या बजबजपुरीमुळेच बिल जॉय यांना टर्मकॅप ही टर्मिनलांची जंत्री रचावी लागली.

४/ १९७६ मध्ये ईसीएमए-४८ हे युरोपीय मानक आले, १९७९ मध्ये अमेरिकी एक्स३.६४. मधल्या १९७८ साली डेकचे व्हीटी१०० बाजारात उतरले आणि लोकप्रिय इतिहासाने सारे श्रेय त्यालाच देऊन टाकले. प्रसाराचे श्रेय त्याचे, हे मान्य. पण ते यंत्र एकरंगी होते! ठळक, अधोरेखित, लुकलुकते, उलटे: अक्षरांचे एवढेच प्रकार त्याला ठाऊक. रंगांना जागा मिळाली ती मानकाच्या रचनेमुळे. अर्धविरामाने विलग केलेले आकडे आणि शेवटी हुकमाचे अक्षर, अशा साच्यात ३० ते ३७ हे आठ रंग काहीही न मोडता सामावले. समित्यांची रूक्ष कागदपत्रे इतिहासाची साधने म्हणून वाचली जात नाहीत, त्याचा हा परिणाम.

५/ विंडोजने रंगासाठी प्रणालीकडे स्वतंत्र विनंती करण्याचा मार्ग निवडला. तत्त्वतः तो अधिक स्वच्छ. पण ती विनंती तारेवरून दूरच्या यंत्रापर्यंत जात नाही. अखेर विंडोज १० च्या कन्सोलने जुनी चिन्हमालिकाच स्वीकारली.

६/ या रचनेची किंमतही आहे. रंगीत मजकूर फाइलमध्ये वळवला की कंस-आकड्यांचा कचरा उरतो. म्हणून शहाणे प्रोग्राम समोर टर्मिनल आहे का, हे आधी तपासतात. त्याहून गंभीर म्हणजे, परक्याने लॉगमध्ये घुसवलेला मजकूर वाचणाऱ्याच्या पडद्याला हुकूम देऊ शकतो. तारेच्या पलीकडे आपलाच संगणक आहे, हे तेव्हा गृहीत होते.