‘माकडताप’ हे नाव कोणाला दोष देते?

कर्वेनगरातील एखादा फिरस्ता वेताळ टेकडीवरून परततो, विजारीला चिकटलेली गोचीड पाहतो आणि मोबाइल उघडतो. समोर येते ती अमेरिकेतील लाइम गावाची कथा: हरणे, उंदीर, कातडीवर उमटणारे लाल वर्तुळ. कथा खरी आहे. पण ती त्याच्या मुलखाची नव्हे. त्याच्या मुलखातील गोचिडीचा इतिहास त्याच टेकडीच्या पलीकडे, पाषाणच्या प्रयोगशाळेत सांभाळला जातो. दुर्दैव असे की, त्या इतिहासाला लोकांनी दिलेले नावच दिशाभूल करणारे आहे.

१९५७ चा मार्च. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात वानरे आणि माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. काहींना रक्तस्राव होऊ लागला. आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली धास्ती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) पथक तेथे पोचले. हे केंद्र रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९५२ मध्ये उभे राहिलेले. टेल्फर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे या शोधातील ठळक नाव. विषाणू सापडला तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते निघाले थेट रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराशी.

रशियाचे नाव येताच संशय गेला पक्ष्यांवर. सायबेरियातून येणाऱ्या पाहुण्या पाखरांनी रोग आणला असावा, हा तो तर्क. (सलीम अलींच्या पक्षिस्थलांतराच्या अभ्यासाला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले, त्याचे एक कारण हेच.) पाखरे सुटली, मग ठपका माकडावर आला आणि तो नावात कायमचा गोंदला गेला.

वास्तविक माकड हा या साखळीतला पहिला बळी. विषाणू वाहते ती हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. तिचे तीन जन्म असतात आणि प्रत्येक जन्मी तिला नवे रक्त लागते. बालपणी उंदीर, चिचुंद्र्या, पाखरे, माकडे. वाढ पुरी झाल्यावर गाय, म्हैस, गवा. माणसाला डसते ती बहुधा मधल्या अवस्थेतली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी गार पडलेला देह सोडून पाचोळ्यात उतरतात आणि पुढच्या वाटसरूची वाट पाहतात.

आता गुरांकडे पाहावे. गुरे स्वतः फारशी आजारी पडत नाहीत. पण गोचिडीला पोटभर रक्त पुरवून तिची संतती अफाट वाढवतात. रान तोडून शेते-बागा केल्या, कडेने गुरे चरायला सोडली, म्हणून रोग उसळला, ही मांडणी जॉर्ज बोशेल यांनी १९६९ मध्येच केली होती. लाइमची गोष्ट उलट्या बाजूने येऊन त्याच जागी पोचते. ईशान्य अमेरिकेत शेती ओस पडली, झाडी परतली, हरणे परतली आणि माणसांनी त्या झाडीतच घरे बांधली. एकीकडे जंगल गेले, दुसरीकडे आले. रोग दोन्हीकडे फोफावला तो रान आणि वस्ती यांच्या शिवेवर.

ती शीव २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात गाठली गेली. महाराष्ट्रातील हा पहिला उद्रेक. केर गाव आणि त्याच्या आसपासच्या ज्या माणसांना ताप आला, त्यांतले पुष्कळजण काजूच्या बागेत राबणारे. डिसेंबर ते मे हा गोचिडीचा काळ, आणि काजूबी वेचण्याचा हंगामही त्यातच येतो. वाकून, पाचोळ्यात हात घालून करायचे हे काम. काजू, रबर, अननसासाठी डोंगर कोणी मोकळे केले, हा प्रश्न मात्र ‘माकडताप’ म्हटले की उरतच नाही. दोष झाडावर बसलेला असतो.

पुण्याला हा विषाणू ठाऊक होऊन तोवर जवळजवळ ६० वर्षे झाली होती. या काळात प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. अतिसुरक्षित प्रयोगशाळा पाषाणला उभी राहिली ती २०१२ मध्ये. कर्नाटकात वर्षानुवर्षे टोचली जाणारी लस पुरेशी प्रभावी नसल्याने २०२२ मध्ये बंद करावी लागली. बाधितांपैकी शंभरात तीन ते पाच जण दगावतात, नेमके औषध नाही आणि रुग्ण असतात दूरच्या वाड्यांवरचे मजूर. ही दिरंगाई शहरात खपली असती काय?

म्हणून सरकारी कागदावर तरी ‘गोचीडताप’ लिहावे. रानात मेलेले माकड ही धोक्याची सर्वांत आधी मिळणारी वर्दी आहे. ती देणारा बहुधा एखादा गुराखी किंवा काजू वेचणारी बाई असते. माकडालाच गुन्हेगार मानणारा माणूस त्याच्या मरणाची खबर द्यायला आरोग्य केंद्रापर्यंत चार मैल कशाला चालेल?