डिलीट दाबायची भीती

काल शेजारच्या काकूंनी हाक मारली. "अरे, ती स्टोरेज भरल्याची लाल पट्टी येतेय. ईमेल यायचे पण बंद होतील म्हणे. काय पुसू?" म्हटलं, पुसा की थोडे फोटो. तर म्हणाल्या, "इथून पुसले की पोराने दिलेल्या टॅबवरून पण जातात का रे?"

त्या फोनमध्ये काकांच्या शेवटच्या वर्षाचे फोटो आहेत.

मित्रांनो, काकूंना अडाणी म्हणू नका. तीस वर्षं पतपेढीत हिशेब लिहिलेली बाई आहे. आणि त्यांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे!

गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो साधा डिलीट केलात तर तो फोनमधून जातो, क्लाउडमधून जातो आणि त्याच खात्यावरच्या टॅबमधल्या फोटोजमधूनही जातो. आयक्लाउड फोटोजचं तेच. उलट 'जागा मोकळी करा' दाबलंत तर फोटो फक्त फोनमधून जातो, क्लाउड भरलेलाच. म्हणजे ज्याचा फोन भरलाय तो डिलीट दाबून सगळीकडूनच घालवून बसतो, आणि ज्याचा क्लाउड भरलाय तो जागा मोकळी करत बसतो, लाल पट्टी जागची हलत नाही. 'फक्त फोनमधून काढा' असा पर्याय आहे बरं का, पण मेनूच्या पोटात. 'जास्त जागा विकत घ्या' मात्र आंधळ्यालाही दिसेल असं.

हे उगाच झालेलं नाही. २०१५ साली गुगल फोटोज आलं ते अमर्याद फुकट म्हणून. सहा वर्षं आपल्याला सवय लावली आणि १ जून २०२१ पासून मीटर सुरू. जीमेल, ड्राइव्ह, फोटोज, तिघांत मिळून १५ जीबी. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअप आधी यात धरत नव्हते, २०२४ पासून तोही धरायला लागले. म्हणजे गावभरच्या शुभ सकाळचं भाडं पण आपणच भरायचं. धंदा आहे, घ्या भाडं, माझं काही म्हणणं नाही. पण घर रिकामं करायचं दार तरी नीट दाखवा!

आता कोणी हुशार कमेंटमध्ये सांगेल, कचरापेटी असते ना. असते. फोटोजची ६० दिवस, ड्राइव्हची ३०. पण ज्याला ती आहे हेच माहीत नाही, त्याला काय उपयोग? शिवाय ड्राइव्हच्या कचरापेटीतल्या फाइली तोवर जागा अडवूनच ठेवतात. माणूस पुसतो, आकडा कमी होत नाही, म्हणून घाबरून अजून पुसतो.

बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत, तारीख छापायची सक्ती आहे. मग आयुष्यभराचे फोटो घालवणाऱ्या बटणाला काहीच नियम नको? एक साधा प्रश्न, कळेल अशा मराठीत, ठळक अक्षरात: फक्त या फोनमधून काढू, की सगळीकडून? सरकारने एवढी एक ओळ सक्तीची करावी. खासदार-आमदारांना टॅग करा, मी केलंय.

काकूंना सांगितलंय, रविवारपर्यंत कशाला हात लावू नका. पेनड्राइव्ह घेऊन येतोय. आधी काकांचे फोटो उतरवू, मग शुभ सकाळवाले बघू.