विश्लेषण : अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे १२० तास कुठे? तुळिंजमध्ये की चर्चगेटला?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांना आता प्रत्यक्ष कामाचा अनुभवही घ्यावा लागणार आहे. नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजमधील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ही संधी आहे की नुसती प्रमाणपत्राची धावपळ?

नियम काय?

राज्याच्या आराखड्यात पदवीच्या सहाव्या सत्रात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण (ओजेटी) आहे. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. त्याआधीच्या सत्रांत क्षेत्रीय प्रकल्पही असतो. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत हा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. त्यामुळे पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात असेल.

अडचण कुठे?

रोज सहा तास धरले तर १२० तासांना २० दिवस लागतात. चर्चगेटला काम मिळाले तर जाऊन-येऊन रोजचे अडीच तास, म्हणजे आणखी ५० तास लोकलमध्ये जातात. काम बिनपगारी असेल तर पास आणि जेवणाचा खर्च घरचाच. शिकता शिकता शिकवण्या घेणाऱ्या किंवा दुकानात काम करणाऱ्यांची तेवढी कमाईही बुडते.

सरकारी योजना उपयोगी पडतील?

मुख्यतः पदवी मिळाल्यावर. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १० हजार रुपये, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिना ५ हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण सुरुवातीच्या नियमांनुसार नियमित शिक्षण घेणारे या दोन्ही योजनांसाठी पात्र नव्हते. रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिपही प्रामुख्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे.

मग जवळ काय आहे?

बरेच काही. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत लघुउद्योग आहेत. तिथे उत्पादन खर्च, कच्च्या मालाचे दर, उधारीचे चक्र अभ्यासता येते. परिसरात पतसंस्था, करसल्लागारांची कार्यालये आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बॅसीन कॅथॉलिकसारख्या सहकारी बँका आहेत. महापालिकेचा अर्थसंकल्प हा तर तयार प्रकल्प. पीएम स्वनिधीतील पहिले कर्ज १० हजारांवरून १५ हजार रुपये झाले. त्याने तुळिंजच्या फेरीवाल्याची सावकाराकडची उचल कमी झाली का, हा प्रश्न घेऊन ५० जणांची पाहणी करता येईल. पुण्याच्या गोखले संस्थेने (स्थापना १९३०) अशाच पाहण्यांतून नाव कमावले.

नोकरीला फायदा काय?

बँकांच्या लिपिक व अधिकारी परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते, तिथे अर्थशास्त्राला वेगळे वजन नाही. भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र किंवा संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. या दोन्हींच्या मधली कामे म्हणजे सर्वेक्षण, कर्जछाननी, बाजार संशोधन, माहिती विश्लेषण. इथे उमेदवाराने स्वतः काय केले हे विचारले जाते. स्वतः भरलेली प्रश्नावली, एक्सेलमध्ये लावलेली आकडेवारी आणि चार पानी अहवाल दाखवता आला, तर उत्तर हाताशी असते.

काय तपासावे?

काम स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : रोज नेमके काय करायचे, शिकवणार कोण आणि शेवटी हातात अहवाल राहणार का. तिन्हींना उत्तर नसेल तर १२० तास झेरॉक्स काढण्यात जातील. महाविद्यालयांनीही जागा शोधण्याचे काम विद्यार्थ्यांवर न सोडता स्थानिक संस्थांशी करार करायला हवेत. नाहीतर ओळख असलेल्यांना काम मिळेल आणि बाकीच्यांना फक्त शिक्का.