विश्लेषण : ‘पारंपरिक’ ख्रिसमस डिनरमध्ये नेमकं काय हवं? टर्की की सोरपोतेल?

हॉटेलांच्या जाहिरातीत दिसणारी टर्की ही एका देशाची, तीही फार जुनी नसलेली पद्धत आहे. नाताळच्या जेवणाची परंपरा पदार्थांच्या यादीत शोधली तर हाती काय लागतं? आणि गोवा-वसईची ताटं आज खरोखर कशामुळे अडचणीत आहेत?

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की मुंबई, पुणे, पणजीतल्या मोठ्या हॉटेलांच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. वर ‘ट्रॅडिशनल ख्रिसमस डिनर’ असं शीर्षक. खाली अख्खी भाजलेली टर्की, क्रॅनबेरी सॉस, भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स आणि शेवटी प्लम पुडिंग. ताट देखणं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ‘ट्रॅडिशनल’ या शब्दाबद्दल आहे. कारण मुंबईला लागून असलेल्या वसईत, पणजीच्या आसपासच्या गावांत किंवा अहिल्यानगर जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या नाताळ साजरा करणाऱ्या बहुतेक घरांत यातलं जवळजवळ काहीच शिजत नाही. मग त्यांचं जेवण पारंपरिक नाही का?

धर्म काय खायला सांगतो?

काहीच नाही. येशूच्या जन्माची कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. तिथे जन्माची तारीख नाही आणि जेवणाचा मेन्यू तर नाहीच. चर्चने नियम घातले ते खाण्याचे नव्हेत, न खाण्याचे. कॅथलिक परंपरेत नाताळच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे. पोलंड, पोर्तुगाल, दक्षिण इटली या भागांत २४ डिसेंबरच्या रात्री मासे शिजतात, त्याचं मूळ या नियमात आहे.

पोलंडमध्ये आकाशात पहिली चांदणी दिसली की मंडळी जेवायला बसतात. बारा पदार्थ, त्यात मांस नाही. बीटाचं सूप आणि कार्प मासा हे ठरलेले. शिवाय एक ताट रिकामं मांडतात, अचानक कुणी दाराशी आलं तर त्याच्यासाठी. पोर्तुगालमध्ये खारवलेला कॉड मासा, बटाटे आणि कोबी उकडून खातात. इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला येतो. त्याआधी महिनाभराहून जास्त काळ मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. मग उपास सुटतो तो ‘डोरो वॉट’ या कोंबडीच्या झणझणीत रश्श्याने, त्यात उकडलेली अंडी. या सगळ्या ताटांत टर्की नाही.

मग टर्की आली कुठून?

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या लोकांनी तो पाळला आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तो नेमका कुठला, याचा गोंधळ नावांमध्ये आजही टिकून आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, खुद्द तुर्कस्तानात त्याला ‘हिंदी’ म्हणतात आणि पोर्तुगीज भाषेत ‘पेरू’.

इंग्लंडमध्येही ही टर्की सर्वसामान्यांच्या ताटात फार उशिरा आली. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये क्रॅचिट या गरीब कुटुंबाकडे नाताळला हंस-बदकाच्या जातीचा ‘गूस’ शिजतो. पश्चात्ताप झालेला धनाढ्य स्क्रूज त्यांना टर्की पाठवतो, कारण तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. त्या काळी कामगार आठवड्याला थोडे थोडे पैसे जमवणाऱ्या ‘गूस क्लब’मध्ये भिशीसारखी रक्कम भरत आणि डिसेंबरात पक्षी घरी नेत. टर्की घरोघरी पोहोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, मोठ्या पोल्ट्री फार्मांमुळे ती स्वस्त झाली तेव्हा. म्हणजे ज्याला आपण अस्सल, प्राचीन समजतो, ते ब्रिटिश ताट बऱ्याच कुटुंबांत जेमतेम दोन-तीन पिढ्यांचं आहे.

पुडिंग तरी अस्सल इंग्रजी आहे का?

प्लम पुडिंगमध्ये प्लम नसतो. जुन्या इंग्रजीत मनुक्यांनाही ‘प्लम’ म्हणत, ते नाव चिकटलं. आतला माल तर जगभरचा. १९२७ साली ब्रिटनच्या ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ने राजघराण्याच्या आचाऱ्याची पुडिंगची पाककृती मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध केली. तिचा उद्देश चवीपेक्षा व्यापाराचा होता. मनुके ऑस्ट्रेलियाचे, लवंगा झांजिबारच्या, रम जमैकाची अशी प्रत्येक जिन्नसाची वसाहत ठरवलेली होती. लोकांनी साम्राज्यातलाच माल घ्यावा, यासाठी ही खटपट. सरकारी जाहिरातबाजी थेट सणाच्या ताटात उतरल्याचं हे चांगलं उदाहरण.

खासगी जाहिरातबाजीचं उदाहरण जपानचं. तिथे ख्रिस्ती लोकसंख्या साधारण एक टक्का. १९७४ साली केएफसीने ‘ख्रिसमसला केंटकी’ अशी देशभर मोहीम चालवली. आज तिथली असंख्य कुटुंबं २४ डिसेंबरच्या तळलेल्या कोंबडीच्या बकेटची मागणी कित्येक दिवस आधी नोंदवतात. यावर हसणं सोपं आहे. पण लहानपणी ती बकेट खाल्लेली मुलं आता आपल्या मुलांसाठी तीच आणत असतील, तर तिला परंपरा नाही तर दुसरं काय म्हणायचं?

गोवा, वसई आणि देशावर काय शिजतं?

मुळात ‘नाताळ’ हा मराठी शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला आहे. गोव्याचं सोरपोतेल हेही पोर्तुगालच्या ‘सारापातेल’चं अपत्य. डुकराचं मांस आणि काळीज बारीक चिरून, परतून, मसाला आणि व्हिनेगरमध्ये शिजवायचं. ते आधीच करून ठेवतात, कारण दोन-तीन दिवस मुरल्यावर त्याला खरी चव येते. त्यातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी आणलेली. व्हिनेगर मात्र इथल्या माडाच्या सुरेचं. सोबतीला सान्ना, म्हणजे तांदूळ आणि नारळाचं पीठ सुरेने आंबवून वाफवलेली, किंचित गोड, लुसलुशीत इडलीसारखी चकती. शेवटी बेबिंका. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा, तूप. एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा, आच वरून द्यायची. सात किंवा त्याहून जास्त थर लावायचे म्हणजे काही तासांची निश्चिती.

मुंबई-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन घरांत बदकाची ‘डक मोयली’ आणि पिठात अंडी, नारळाचं दूध घालून तळलेले फुगे असतात. त्यांचा बॉटल मसाला वीसेक जिन्नस भाजून, कुटून उन्हाळ्यातच तयार होतो आणि काळ्या बाटल्यांत भरून वर्षभर पुरवला जातो. म्हणजे डिसेंबरच्या जेवणाची तयारी एप्रिल-मेमध्येच सुरू झालेली असते.

देशावरचं चित्र आणखी वेगळं. अहिल्यानगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१मध्ये सुरू झालं. म्हणजे मिशनरी अमेरिकेचे, टर्कीच्या मूळ मुलखातले. तरीही इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला डबे भरतात ते करंज्या, शंकरपाळे, चकल्यांनी. जेवायला मटण किंवा कोंबडीचा रस्सा. ‘हा तर दिवाळीचाच फराळ’ असं कुणी म्हणेल. तसं असेल तर बिघडलं कुठे? सणाला घरातलं सगळ्यात चांगलं काढायचं, हे या मातीतल्या माणसाला जसं माहीत होतं तसं त्याने केलं. गूस क्लबात पैसे भरणाऱ्या कामगारानेही वेगळं काही केलं नव्हतं.

म्हणजे काहीही चालतं?

इथे एक रास्त आक्षेप येतो. टर्कीही चालते, बकेटही चालते, शंकरपाळेही चालतात. मग ‘पारंपरिक’ या शब्दाला अर्थ काय उरला?

अर्थ उरतो, पण तो पदार्थाच्या नावात नाही. वरची सगळी ताटं शेजारी ठेवून पाहिली तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. हा पदार्थ रोजचा नसतो. त्यासाठी पैसे, वेळ किंवा मेहनत राखून ठेवलेली असते. त्याची वाट पाहिलेली असते, कधी उपास करून. आणि तो एकट्याने खायचा नसतो. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुलांचं ताट, ज्याला कुसवार म्हणतात, शेजारी पोहोचतं, शेजारी कोणत्याही धर्माचा असो. पोलंडमध्ये अनोळखी माणसाचं ताट मांडलेलं असतं. या कसोटीवर हॉटेलची टर्की आपोआप नापास होत नाही, पण केवळ टर्की आहे म्हणून ती पासही होत नाही.

खरा धोका कुठे आहे?

अनेकांना भीती वाटते ती परदेशी पदार्थांच्या आक्रमणाची. पण टर्कीमुळे सोरपोतेल संपणार नाही. मिरचीने काही संपवलं नाही, उलट घडवलं. धोका पुरवठ्याच्या बाजूने आहे.

सान्ना आणि व्हिनेगर दोन्ही सुरेवर अवलंबून. सूर काढणारा रेंदेर दिवसातून दोन-तीनदा माडावर चढतो. काम जोखमीचं, कमाई बेताची, आणि पुढची पिढी त्यात यायला तयार नाही. गोव्यात रेंदेरांची संख्या घटत चालली आहे. परिणामी अनेक घरांत सान्ना आता यीस्टवर आंबतात आणि सोरपोतेलात बाटलीबंद सिंथेटिक व्हिनेगर पडतं. ताटाचं नाव तेच राहतं, चव बदलते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बेबिंकाला २०२३मध्ये जीआय मानांकन मिळालं, ही चांगली गोष्ट. पण मानांकनाने नावाचा गैरवापर रोखता येतो. चुलीपुढे तासन् तास बसणारं माणूस त्यातून मिळत नाही. हे माणूस बहुतेक घरांत बाईच असते. तिला नोकरी आहे, सुट्टी एक-दोन दिवसांची आहे. ‘आमच्या आजी सगळं घरी करायच्या’ असं म्हणणाऱ्या पुरुषाने अंडी फेटायला घेतली नाहीत, तर पुढच्या वर्षी बेबिंका दुकानातून येणार. त्यात तिचा दोष नाही.

फरक इथे आहे. जी परंपरा एखादी कंपनी घरपोच देऊ शकते, तिला कुणाच्या काळजीची गरज नाही. टर्की गोठवलेल्या पेटीतून येत राहील, बकेटही मिळत राहील. काळजी हवी ती माडावर चढणाऱ्या माणसावर, बदकं पाळणाऱ्या घरावर आणि उन्हाळ्यात मसाला कुटणाऱ्या हातांवर उभ्या असलेल्या जेवणाची. पर्यटन महोत्सवात सोरपोतेलाचे स्टॉल लावणाऱ्या सरकारने रेंदेराचा विमा आणि सुरेचा भाव यांकडेही तेवढंच लक्ष दिलं, तर ते त्या पदार्थाचं खरं संवर्धन ठरेल.

मग यंदा ताटात काय हवं?

ज्यांच्या घरी नाताळ आहे, त्यांनी टर्की नाही म्हणून ओशाळण्याचं कारण नाही, आणि ती आवडत असेल तर करण्यातही गैर नाही. ज्यांना नाताळच्या जेवणाचं आमंत्रण आहे, त्यांनी ‘तुमच्याकडे केक नाही का?’ ऐवजी ‘तुमच्याकडे काय करतात?’ असं विचारावं. उत्तरात एका गावाचा इतिहास मिळेल. आणि जे विकत घेणार आहेत, त्यांनी गोव्यातल्या, वसईतल्या घरगुती ऑर्डर घेणाऱ्या महिलांकडून घ्यावं. सान्ना मागवताना एक प्रश्न जरूर करावा : सुरेच्या आहेत की यीस्टच्या? सुरेच्या असतील तर दोन पैसे जास्त मोजावेत. गिऱ्हाईक विचारू लागलं, तर माडावर चढणाऱ्यालाही पुढच्या डिसेंबरपर्यंत टिकून राहायला कारण मिळेल.