रेल्वे आली, सायकलीचे काय?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली. तीन दशकांची प्रतीक्षा संपली म्हणून सारे शहर लोटले होते, आणि प्रस्तुत लेखकही त्या गर्दीत होता हे प्रांजळपणे सांगावयास हवे. त्यानंतर पाचव्या दिवशी, २२ सप्टेंबरला, सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या दुसऱ्या घटनेसाठी कोणी ढोल वाजविले नाहीत. मोटारी किती हजारांनी स्वस्त झाल्या याचे तक्ते घरोघरी वाचले गेले. सायकलीचा उल्लेख कोठे असलाच तर तो एखाद्या ओळीत उरकलेला होता. वास्तविक २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारीवर ५ टक्के आणि शाळकरी मुलीच्या सायकलीवर १२ टक्के असा विलक्षण न्याय आपल्या करव्यवस्थेत सहा वर्षे नांदत होता. तो दूर व्हावयास इतका काळ का लागावा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कारण सायकल ही आता प्रश्न विचारणाऱ्या वर्गाची वस्तू राहिलेली नाही.

एके काळी ती होती. माझे वडील प्राथमिक शिक्षक. घरात वाहन म्हणून जी काही होती ती एक काळी सायकल. पुढच्या दांडीवर टॉवेलची घडी गुंडाळून मी बसावयाचा, मागे कॅरियरवर आई आणि तिच्या मांडीवर धाकटी बहीण. डबलसीट म्हणून पोलीस अडवील या धास्तीने वडील चौकाच्या अलीकडे आम्हां सर्वांना उतरवीत. चौक पायी ओलांडावयाचा आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा चढावयाचे. कायदा आणि संसार यांची अशी तडजोड त्या काळी अनेक घरांतून चालत असे. पुढे तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत आम्ही सायकल शिकलो. आठवणींत रमण्याचा हेतू नाही. सांगावयाचे ते एवढेच, की शिक्षक, कारकून, तलाठी, पोस्टमन हा सारा वर्ग सायकलीवर होता, आणि म्हणून सायकलीला रस्त्यावर एक अलिखित हक्क होता.

आज सकाळी बार्शी नाक्यावर उभे राहून पाहावे. शाळेच्या वेळी दुचाकींची जी रीघ लागते तीत वडिलांपुढे टाकीवर एक मूल, मागे दोन, आणि त्यांच्या मध्ये दप्तरांचा ढीग, असे दृश्य नित्याचे आहे. शिरस्त्राण असलेच तर ते फक्त चालविणाऱ्याच्या डोक्यावर, किंबहुना पुष्कळदा आरशाला अडकविलेले. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवरून नेताना त्याला सुरक्षापट्ट्याने बांधून घ्यावे, त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरांहून अधिक नसावा, असा केंद्र सरकारचा नियम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो २०२३ पासून लागू आहे. हा नियम आपल्या गावातील किती पालकांनी ऐकला असेल? याच पालकांनी मुलाच्या वाढदिवसाला रंगीत, जाड टायरांची, गिअरची सायकल घेऊन दिलेली असते. ती इमारतीच्या आवारात फिरते. रस्त्यावर आणावयास मुलाला परवानगी नसते, आणि कारण विचारले तर पालक म्हणतात, रस्त्यावर गाड्या फार आहेत. त्या गाड्यांपैकी एक आपली आहे हे मात्र लक्षात येत नाही. हा दोष इतरांना लावून मी मोकळा होऊ इच्छित नाही. माझा मुलगा पाचवीत जाईपर्यंत मीही त्याला दुचाकीवरूनच शाळेत सोडीत होतो.

परंतु शहरातील मुलाचा प्रश्न तुलनेने किरकोळ मानता येईल. त्याचे शिक्षण थांबत नाही. फार तर पोट सुटते. बीड जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणनेतील २५ लाख ८५ हजार लोकसंख्येपैकी सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहत होते, आणि खरा प्रश्न तेथे आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांतील गावांत आणि तांड्यांवर सातवीपर्यंतची शाळा बहुधा असते; आठवीनंतरची शाळा तीन, चार, सहा किलोमीटरांवरच्या मोठ्या गावात असते. मुलगा हे अंतर कसेही कापतो: कोणाच्या मोटारसायकलीला हात करतो, ट्रॅक्टरवर चढतो, नाहीतर चालतो. मुलीच्या बाबतीत घरातील माणसे अंतर मोजीत नाहीत, धोका मोजतात. हा धोका काल्पनिक नसतो. मग, आता पुरे झाली शाळा, हे वाक्य उच्चारले जाते, आणि त्याच्या पाठोपाठ स्थळे पाहावयास सुरुवात होते. आई-वडील ऊसतोडीला जाणारे असतील तर हा निर्णय दिवाळीच्या सुमारासच होतो. वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे, आणि कोपीवर नेले तर तेथे काय सुरक्षित आहे? शिवाय कोयता दोघांचा असतो. लग्न झाले की नवी जोडी तयार होते, नवी उचल मिळते. २०११ मध्ये या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यातील सर्वांत कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या येथील दर शंभर स्त्रियांपैकी ४० हून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. या दोन आकड्यांच्या मधोमध शाळेपर्यंतचे ते चार किलोमीटर आहेत, असे मी वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थ्यांना अतिशयोक्ती वाटते. खेड्यातून येणाऱ्या मुली मात्र हसत नाहीत.

या म्हणण्याला आधार आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडाशी तुलना करून तिचा परिणाम मोजला. त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. त्यातही वाढ झाली ती मुख्यतः जेथे शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती अशा गावांत. तेवढेच पैसे रोख दिले असते तर इतका लाभ झाला नसता, असा त्यांचा कयास आहे. त्याचे एक कारण मला विशेष महत्त्वाचे वाटते. एकटी मुलगी सायकलीवर निघाली तर गाव बोलते. पंधरा मुली एकाच वेळी निघाल्या तर गावाला सवय होते. तामिळनाडूतील पुदुकोट्टाई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत स्त्रियांना सायकल शिकविण्याचा कार्यक्रमच आखला गेला आणि एक लाखाहून अधिक स्त्रिया सायकल शिकल्या, तेव्हाही हाच अनुभव आला. पाण्याच्या घागरी, लहान मूल आणि बाजाराची पिशवी घेऊन त्या निघाल्या, आणि टीका करणारे थोड्या दिवसांत थकले.

महाराष्ट्रात असे काही नाही असे कोणी समजू नये. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अनुदान मिळते. त्याहून दूरच्या मुलींसाठी एस. टी. च्या निळ्या बसगाड्या आहेत. अनुदान २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. योजना चांगली आहे, आणि चांगल्या सरकारी योजनेला चांगली म्हणण्याचा संकोच आपल्या व्यवसायातील लोकांनी सोडला पाहिजे. पण तिची तपासणीही केली पाहिजे. रक्कम थेट खात्यात जमा होते, मात्र शेवटचा हप्ता सायकल घेतल्याची पावती दाखविल्यावर. म्हणजे उरलेले पैसे आधी घरातून उभे करावयाचे. ज्या घरात उचल आधीच खर्चून झाली आहे तेथे हे हजार-दोन हजार कोठून यावेत? शिवाय बीडच्या दुकानांत चौकशी केली असता रोज आठ-दहा किलोमीटर खडबडीत रस्त्यावर टिकेल अशी सायकल पाच हजारांत मिळत नाही. करकपातीमुळे जे थोडे वाचले ते दुकानदाराच्या आणि मुलीच्या मध्ये कोठे राहिले, हेही पाहावयास हवे.

दुरुस्तीचा विचार तर कोणीच केलेला नाही. मोटारसायकली आल्या तशी खेड्यातील सायकलदुरुस्तीची टपरी गेली. आज पंक्चर काढणारा माणूस रस्त्यालगतच्या मोठ्या गावात असतो, आणि ट्यूब, ब्रेकचे रबर, साखळी यांसाठी तालुक्याला जावे लागते. एक काटा रुतला की मुलीची शाळा चार दिवस बुडते. आफ्रिकेतील झांबिया देशात मुलींना सायकली देण्याच्या अशाच उपक्रमात सायकलीबरोबर गावातील एका माणसाला दुरुस्तीचे शिक्षण आणि हत्यारे दिली गेली. तेथे जाण्यायेण्याचा वेळ सुमारे एक-तृतीयांशाने आणि गैरहजेरी चौथ्या हिश्शाहून अधिक घटल्याचे अभ्यासकांना आढळले. आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, बचतगट आहेत. एखाद्या गटाला हत्यारांचा संच देणे ही काही पंचवार्षिक योजना नव्हे.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो: सायकल मुलीच्या नावाने येते आणि बाप किंवा भाऊ वापरतो. हे काही प्रमाणात खरे आहे. परंतु शाळा सुटल्यावर त्याच सायकलीवरून आईने दळण आणले, भावाने दूध घातले, सुट्टीच्या दिवशी लहानग्याला मागे बसवून अंगणवाडीतील लस टोचून आणली, तर अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो अपव्यय ठरत नाही. कुटुंबाच्या मालकीचे ते भांडवल आहे आणि त्याचा पुरेपूर उपयोग होतो आहे. शाळेच्या वेळेत ती मुलीकडे असावी एवढाच आग्रह हवा, आणि तो मुख्याध्यापक धरू शकतात.

हिशेबच करावयाचा तर असा करता येईल. चार किलोमीटर चालावयास मुलीला पाऊण तासाहून थोडे अधिक लागते, सायकलीवर वीस मिनिटे. जाऊन-येऊन जवळजवळ एक तास वाचतो. शाळेच्या २२० दिवसांत दोनशे तास. उलट बापाने मोटारसायकलीवरून सोडावयाचे आणि आणावयाचे ठरविले, तर दिवसाला सोळा किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरले तरी वर्षाला सात हजार रुपये जळतात, बापाची खोटी होते ती वेगळी. सायकल एका वर्षात स्वतःची किंमत फेडते. बसचे म्हणाल तर तिच्यावर भार टाकण्याची मर्यादा आपण पाहिली आहे. महासाथीनंतर शाळा उघडल्या न उघडल्या तोच २०२१ च्या अखेरीस एस. टी. चा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय हा निराळा विषय. पण त्या महिन्यांत ज्या मुली घरी बसल्या त्यांतील काही पुन्हा शाळेत दिसल्या नाहीत, हे गावोगावचे शिक्षक सांगतील.

आता रस्ता. पंतप्रधान ग्रामसडक योजनेने खेड्यांना डांबरी रस्ते दिले हे खरे, पण ते पावणेचार मीटर रुंदीचे, एकेरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झाले की त्याच रस्त्यावर उसाने ओसंडणारे, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावू लागतात; मागे तांबडा दिवा नाही, चमकती पट्टी नाही, चालकाच्या कानात गाण्यांचा कल्लोळ. शाळेची वेळ आणि ट्रॅक्टरची वेळ एकच. सायकलीवरच्या मुलीने उतरावयाचे कोठे? डांबराच्या कडेला साइडपट्टी वीतभर खचलेली, तीत बाभळीचे काटे. २०२२ मध्ये देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजार माणसे मेली. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे मिळून जवळजवळ दोन-तृतीयांश होते.

ज्या हॉलंडकडे आज सारे जग सायकलींचा देश म्हणून पाहते तेथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. मोटारींसाठी तेथील शहरेही पाडली जात होती. पालक रस्त्यावर बसले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असे त्यांच्या चळवळीचे नावच होते. त्यातच १९७३ चे तेलसंकट आले, आणि सरकारला सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधावे लागले. तेथील लोक जन्मतः सायकलप्रेमी होते ही समजूत चुकीची आहे. ते संतापलेले आई-बाप होते.

बीडमध्ये सिमेंटचे सायकलमार्ग मागण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पुण्यासारख्या एकेकाळच्या सायकलींच्या शहरात अशा मार्गांवर आज हातगाड्या आणि मोटारी उभ्या असतात. मागणे साधे आहे. माध्यमिक शाळेच्या पाच किलोमीटर परिसरातील रस्त्यांच्या साइडपट्ट्या गाळपापूर्वी मुरूम टाकून, दाबून डांबराच्या पातळीला आणाव्यात. कारखान्याच्या दारात येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागे चमकती पट्टी असल्याखेरीज काट्यावर घेऊ नये. हे काम कारखान्याच्या शेतकी विभागाला एका आठवड्यात करता येण्याजोगे आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या तासाभरात गावाजवळ उसाची वाहने थांबवून ठेवावीत. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रेल्वेच्या पुढच्या टप्प्याची चर्चा होईल तेव्हा या तीन गोष्टींना दहा मिनिटे मिळण्यास हरकत नसावी.

माझ्या वर्गात गेल्या वर्षी डोंगरपट्ट्यातील एक मुलगी होती. आई-वडील कोयत्यावर, ती आणि तिची धाकटी बहीण आजीजवळ. आठवीत मिळालेल्या सायकलीवर तिने बारावी केली आणि महाविद्यालयासाठी बीडला वसतिगृहात आली. सायकलीचे काय केले, असे मी सहज विचारले. सीट खाली करून बहिणीला दिली, मागचा टायर तेवढा नवा टाकावयाचा आहे, सर, असे ती म्हणाली.