करार राहिला, पंतप्रधान गेले

विद्यार्थ्यांच्या मोर्चांनी काही साधत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी जपानमधल्या १९६० सालाकडे पाहायला सांगतो.

पंतप्रधान नोबुसुके किशी यांना अमेरिकेबरोबरचा नवा सुरक्षा करार काहीही करून मंजूर करून घ्यायचा होता. १९ मे रोजी त्यांनी समाजवादी खासदारांना पोलिसांकरवी हटवले आणि मध्यरात्रीनंतर करार संमत करून घेतला. तोवर प्रश्न कराराचा होता; त्या रात्रीनंतर तो लोकशाहीचा झाला. 'झेंगाकुरेन' या विद्यार्थी महासंघाबरोबर कामगार, प्राध्यापक, गृहिणी रस्त्यावर आल्या. १५ जूनला विद्यार्थी संसदेच्या आवारात घुसले. पोलिसांशी झालेल्या झटापटीत टोकियो विद्यापीठाची मिचिको कान्बा ही अवघ्या बावीस वर्षांची मुलगी मरण पावली. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला. करार टिकला, किशींना मात्र जावे लागले.

मग त्या मुलीचे मरण वाया गेले का? मला तसे वाटत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा जिंकला, हे खरे. पण किशींना राज्यघटना बदलायची होती. नवे पंतप्रधान हयातो इकेदा यांनी तो विषयच बाजूला ठेवला आणि दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचे वचन दिले. ते मुदतीआधीच पुरे झाले. उभी हयात बँकेत काढलेल्या मला यात मोठी गंमत वाटते. घोषणांना सरकारने पासबुकातून उत्तर दिले!

पुढच्या पिढीला लोकांची ही साथ राखता आली नाही. १९७२ साली 'संयुक्त लाल सेने'च्या तरुणांनी आपल्याच साथीदारांचे जीव घेतल्याचे उघडकीस आले आणि सामान्य माणसाने पाठ फिरवली. २०१५ मध्ये 'सील्ड्स'ची मुले संसदेसमोर शांतपणे उभी राहिली. तरीही सुरक्षा विधेयके मंजूर झाली, तीही किशींचे नातू शिन्झो आबे पंतप्रधान असताना.

परंतु घटनादुरुस्तीचे आजोबांचे स्वप्न नातवालाही पुरे करता आले नाही. १९४७ पासून त्या घटनेचा एक शब्दही बदललेला नाही. याचे सारे श्रेय मुलांना देणे बरोबर नाही. पण त्यांचा वाटा नाकारणेही बरोबर नाही. चळवळीची जमा त्याच वर्षाच्या ताळेबंदात दिसतेच असे नाही. घरातल्या मुलांना 'याने काय होणार?' असे विचारताना आपण एवढे ध्यानात ठेवावे.