रोज दोन तास हात घासा म्हणे!

परवा पुतण्याचा फोन आला होता. विषय निघाला आमच्या धाकट्या नातीचा. तिने चित्रकलेचा क्लास सोडला, म्हणून तो मलाच समजावत होता. "काका, सवय लागेपर्यंत थोडी जबरदस्ती करावीच लागते. मजा नंतर. आधी रोज दोन तास हात घासायला हवा." वर दहा हजार तासांचा दाखलाही दिला! मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला, कारण मला फोनवर भांडता येत नाही. लिहून येतं. तेव्हा पुतणेबुवा, वाचत असाल तर खुर्ची जवळ ओढून बसा.

आधी ते दहा हजार तास. हा आकडा माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकामुळे घरोघरी पोचला. मूळ अभ्यास १९९३ सालचा, अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांवर केलेला. दहा हजार ही उत्तम वादकांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, सिद्धीचा मंत्र नव्हे. नुसते तास मोजून काही होत नाही, हे खुद्द एरिक्सननीच पुढे सांगितलं. आणि गंमत बघा, त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की चांगले वादक दुपारी जास्त झोपत. म्हणजे आपली वामकुक्षी! ही गोष्ट मात्र कुणी फोन करून सांगत नाही.

आता पुतण्याच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. असा नेटाने केलेला सराव मुळात आनंददायक नसतो, हेही एरिक्सननी लिहिलं आहे. खरं आहे. पण ती मुलं व्हायोलिनच्या प्रेमात आधीच पडलेली होती. आमची नात बारा वर्षांची आहे.

तिचं काय झालं ते सांगतो. पाचवीत असेपर्यंत ही मुलगी वर्तमानपत्राच्या कडांवरसुद्धा मांजरं काढायची. वाण्याच्या बिलाच्या मागे मांजर, लग्नपत्रिकेवर मांजर. मग एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी क्लास लावला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती आणि अक्षरलेखन. परीक्षेला माझा विरोध नाही, त्या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात ब्रश दिला. पण क्लासमध्ये काय चाललं होतं? चार महिने तोच घडा, तीच दोन केळी, मागे तोच निळा पडदा. घडा समोर ठेवलेला नसे बरं का! फळ्यावर सरांनी काढलेला घडा बघून काढायचा. स्मरणचित्रासाठी 'बाजाराचे दृश्य' पाठ करून घेतलेलं, डावीकडे भाजीवाली, उजवीकडे फुगेवाला. बाजारात कोणी गेलंच नाही. आता ती मांजरंही काढत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आबा, माझं चुकतं."

हे वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं आहे. कारण (सूनबाईंना ठाऊक आहे, बाकीच्यांनाही कळू दे) तो क्लास मीच सुचवला होता. दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून.

आणखी एक कबुली. मी मराठी आणि इतिहास शिकवायचो. जानेवारीत पोर्शन मागे पडला की मी चित्रकलेचा तास मागून घ्यायचो. ड्रॉइंगचे सर बिचारे हसून द्यायचे. पानिपत संपवण्यासाठी किती मुलांचे किती तास खाल्ले, त्याचा हिशेब नाही. आणि शुद्धलेखन चुकलं की पन्नास वेळा लिहायला लावायचो. एकाने 'आशीर्वाद' पहिल्या ओळीत चुकवला आणि पन्नासही वेळा तसाच चुकीचा लिहून आणला. घासण्याने काय होतं ते मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. चूक पक्की होते!

मी स्वतः चित्रं काढायला लागलो सहासष्टाव्या वर्षी. आठ वर्षं झाली. चित्रकार झालेलो नाही, होणारही नाही. पण वही सुटलेली नाही. सकाळचा दुसरा चहा झाला की वीस मिनिटं. घड्याळ लावून, कारण एकविसाव्या मिनिटाला मन घासायला लागतं. शंभरपानी वही आणि साधं बॉलपेन. रबर घरातच ठेवलेलं नाही. महागडी वही मुलाने आणून दिली होती. तिचं पहिलं पान खराब होईल या भीतीने ती दोन वर्षं कोरी राहिली.

पहिली पाच मिनिटं नुसत्या रेघा आणि लंबगोल, मनगटाने नाही, खांद्यापासून हात फिरवून. मग दहा मिनिटं एकच अवघड गोष्ट, समोर ठेवून. मी तीन आठवडे तांब्याचं तोंड काढत होतो. तुम्ही म्हणाल, मग तुझा तांब्या आणि क्लासचा घडा यात फरक काय? फरक हा, की तांब्या माझ्यासमोर होता आणि माझ्याकडे एक प्रश्न होता. तोंड गोल आहे हे मनाला माहीत असतं, म्हणून हात ते फुगवतो. डोळा खाली नेला की तोच गोल चपटा होत जातो, आणि तोंड डोळ्याच्या रेषेत आलं की त्याची नुसती रेघ उरते. हे ज्या दिवशी 'दिसलं' त्या दिवशी मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, आता तो तांब्या मला मिळेल का? कपाचा कान जमत नसेल तर कान काढायचाच नाही, कानाच्या आतली पोकळी काढायची. कान आपोआप येतो. करून बघा.

शेवटची पाच मिनिटं वाट्टेल ते. दारातल्या चपला, झोपलेला शेजारी, काहीही. ही पाच मिनिटं कापली की बाकीची पंधराही चार दिवसांत बंद पडतात. मी स्वतः अनुभव घेतला आहे.

'मूड आला की काढावं' म्हणणाऱ्यांनी इथे टाळ्या वाजवू नयेत. मूडवाल्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत, तीन पानं भरलेली असतात. आणि ते ऑक्टोबरात एकतीस दिवस एकतीस चित्रं काढायचं खूळ! २००९ साली जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने ते सुरू केलं, स्वतःचा हात सुधारावा म्हणून. हेतू चांगलाच. पण आमच्याकडे नवव्या दिवशी एक चित्र राहिलं की माणूस दहाव्या दिवशी वहीच बंद करतो, कारण साखळी तुटली! अहो, तुटली तर तुटली. जपानचा होकुसाई ऐंशी ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या सुमारास, रोज सकाळी एक सिंह काढायचा, अरिष्ट टळावं म्हणून. त्यातले काही सिंह नाचतात, खेळतात. घासलेला वाटतो का हो त्यातला एक तरी?

तर पुतणेबुवा, नात रविवारी येणार आहे. टेबलावर वही ठेवली आहे आणि पेनं दोन. मी माझा तांब्या काढत बसणार, तिला बोलावणार नाही. क्लासची उरलेली फी परत मिळत नाही म्हणतात. ती माझ्या पेन्शनमधून गेली, तू काळजी करू नकोस.